चादर[500:1100, 800:1700] म्हणजे नेमकं काय? फोटोचा तुकडा काढताना सोलापुरातून नेहमी येणारे प्रश्न

सोलापुरात फोटो कापायचं काम कुठून येईल याचा नेम नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना टॉवेलच्या विणीतला तुटका धागा कॅमेऱ्यानं पकडायचा असतो. कुणाला डाळिंबाच्या पानावरचा तेल्या रोगाचा डाग वेगळा काढायचा असतो. गड्ड्याच्या यात्रेचे शेकडो फोटो काढलेल्या माणसाला त्यातला नंदीध्वजांचा भागच तेवढा हवा असतो. प्रोजेक्टच्या नावात ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ असतं, पण गाडी अडते ती बहुतेक वेळा एका चौकोनी कंसात. त्या कंसाबद्दलचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली आणि तिच्या दोन लायब्रऱ्यांची आहेत: आकड्यांच्या तक्त्यांसाठी नमपाय आणि चित्रांसाठी ओपनसीव्ही. बहुतेक ठिकाणी एकच फोटो धरला आहे: चादरीचा, ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच.

स्लायसिंग म्हणजे काय? फोटो कापण्याशी त्याचा काय संबंध?

फोटो वाचून झाला की कोडच्या दृष्टीनं तो आकड्यांचा एक मोठा तक्ता असतो. आपल्या चादरीच्या तक्त्यात ३००० ओळी आणि ४००० स्तंभ आहेत. प्रत्येक घरात तीन रंगांचे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. ‘कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत आणि कोणत्या स्तंभापासून कोणत्या स्तंभापर्यंत’ एवढं सांगितलं की तेवढा भाग हाती येतो:

```
तुकडा = चादर[500:1100, 800:1700]
```

हा तुकडा ६०० ओळींचा आणि ९०० स्तंभांचा झाला. नमपायमध्ये यासाठी ‘क्रॉप’ नावाचं वेगळं फंक्शन नाही, आणि त्याची गरजही नाही.

कोडमध्ये ‘चादर’, ‘तुकडा’ ही नावं खरंच चालतात का?

चालतात. पायथन ३ मध्ये चलाचं नाव देवनागरीत ठेवता येतं. आकडे मात्र कीबोर्डवरचे इंग्रजीच लागतात; कंसात थेट १०० असं लिहिलं तर पायथन सिंटॅक्स एरर देतं. गंमत म्हणजे तेच ‘१००’ अवतरण चिन्हांत घालून इंट फंक्शनला दिलं, तर ते मुकाट्यानं शंभर समजतं. इमरीड, शेप, कॉपी हे लायब्ररीचे स्वतःचे शब्द, ते कोडमध्ये तिच्याच स्पेलिंगनं लिहायचे. नावं मराठीत ठेवायलाच हवीत असा आग्रह नाही, पण कंसात उघडे आकडे ठेवण्यापेक्षा नावं ठेवा, हा आग्रह नक्की आहे:

```
वर = 500
खाली = 1100
डावी = 800
उजवी = 1700
तुकडा = चादर[वर:खाली, डावी:उजवी]
```

एवढ्यानं या पानावरचे निम्मे प्रश्न पडायचेच थांबतात.

शाळेत आधी एक्स, मग वाय शिकलो. इथे आधी ओळ का?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

मागावर चादर कशी तयार होते ते आठवा. ताणा आधीच ताणलेला असतो, आणि बाण्याचा एकेक धागा या काठापासून त्या काठापर्यंत जाऊन कापड ओळीओळीनं वाढतं. नमपाय चित्र मेमरीत तसंच ठेवतं: पहिली ओळ डावीकडून उजवीकडे पूर्ण, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. म्हणून पत्ता सांगतानाही आधी ‘कितवी ओळ’ आणि मग ‘त्या ओळीत कितवं घर’. गणिताच्या भाषेत ओळ म्हणजे वाय आणि स्तंभ म्हणजे एक्स, त्यामुळे कंसात वाय आधी येतो. शिवाय हा वाय आलेखाच्या वहीतल्यासारखा वर चढत नाही, खाली उतरतो. शून्यावी ओळ फोटोच्या माथ्यावर असते.

गोंधळ वाढवायला बाकीची साधनं आहेतच. चित्रं आणि आलेख दाखवणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या खिडकीत किंवा पेंटमध्ये माऊस फिरवला की आधी एक्स दिसतो आणि मग वाय. आपण ते आकडे त्याच क्रमानं कंसात उतरवतो आणि फसतो. ओपनसीव्हीचं तर आणखी वेगळं. चौकट काढायला किंवा वर्तुळ काढायला बिंदू द्यायचा तर एक्स आधी, रीसाइझला आकार द्यायचा तर रुंदी आधी. पण त्याच चित्राचा तुकडा काढायचा तर ओळ आधी. लक्षात ठेवायला सोपं असं: ओपनसीव्हीच्या फंक्शनला गोल कंसात दिलं तर एक्स आधी, चौकोनी कंसात दिलं तर वाय आधी. अपवाद शेपचा, म्हणजे चित्राच्या मापाचा. तो छापला की गोल कंसातच दिसतो, पण त्यात उंची आधी असते. आपल्या चादरीसाठी तो ३०००, ४०००, ३ असा येईल.

क्रम उलटा झाला तरी एरर येत नाही, ही यातली खरी अडचण. तुकडा मिळतो, पण भलत्याच जागेचा. कापड सगळीकडे सारखंच दिसत असेल तर ते आठवडाभर कळतही नाही. चाचणी करताना मुद्दाम असा भाग निवडा ज्यात काहीतरी वेगळं आहे, चादरीचा कोपरा किंवा किनार. आणि तुकडा चौरस घेऊ नका, आयत घ्या. चौरसात शेप तपासूनही चूक सापडत नाही.

५०० ते ११०० मागितलं, मग ११०० वी ओळ का नाही येत?

कारण शेवटचा आकडा ‘इथे थांब’ असं सांगतो, ‘हीसुद्धा घे’ असं नाही. ५०० पासून १०९९ पर्यंतच्या ओळी येतात.

पहिल्यांदा हे विचित्र वाटतं, पण दोन गोष्टी सोप्या होतात. वजाबाकी केली की आकार मिळतो, ११०० उणे ५०० म्हणजे ६००, त्यात एक मिळवा नाहीतर वजा करा ही कटकट नाही. आणि शेजारचे तुकडे नीट जोडले जातात: पहिला ०:६००, दुसरा ६००:१२००, मध्ये एकही ओळ सुटत नाही आणि कुठलीच दोनदा येत नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली एका छोट्या टिपणात, मोजणी शून्यापासून आणि शेवट वगळून का करावी, याचा युक्तिवाद केला होता. तो आजही पटतो.

मॅटलॅब ही दुसरी भाषा शिकून आलेल्यांनी मात्र सावध राहा. तिथे मोजणी १ पासून सुरू होते आणि शेवटचा आकडाही धरला जातो. आपला तुकडा तिथे ५०१ ते ११०० आणि ८०१ ते १७०० असा लिहावा लागेल.

दोन्हीपैकी एक आकडा लिहिलाच नाही तर?

सुरुवात गाळली तर अगदी पहिल्यापासून, शेवट गाळला तर अगदी टोकापर्यंत. नुसता विसर्ग, म्हणजे कंसातलं ‘:’ हे चिन्ह, ठेवला तर सगळंच.

```
चादर[:600, :]       वरच्या 600 ओळी, पूर्ण रुंदी
चादर[2400:, :]      2400 पासून तळापर्यंत
चादर[-600:, :]      तळाच्या 600 ओळी, उंची माहीत नसली तरी
चादर[:, -300:]      उजव्या काठाची 300 स्तंभांची पट्टी
चादर[50:-50, 50:-50]   चारही बाजूंनी 50 पिक्सेल सोडून आतला भाग
```

शेवटच्या ओळीत एक खाच आहे. ५० च्या जागी ‘समास’ नावाचं चल वापरलं आणि एखाद्या वेळी समास शून्य निघाला, तर `[समास:-समास]` म्हणजे ० ते उणे ०, म्हणजेच ० ते ०, आणि हाती काहीच येत नाही. समास शून्य असू शकत असेल तर शेवट ‘उंची उणे समास’ असा लिहा.

सर, क्रॉप करायलोय पण तुकडा रिकामाच यायलाय. एरर पण नाही.

एरर येते, पण उशिरा. रिकामा तुकडा नमपायला चालतो. तो दाखवायला किंवा सेव्ह करायला ओपनसीव्हीकडे दिला की तिथे ‘एम्प्टी’ किंवा ‘साइझ डॉट विड्थ’ असं काहीतरी लिहिलेली लांबलचक तक्रार येते, आणि आपण सेव्ह करण्याच्या ओळीकडे बघत बसतो. चूक असते तीन-चार ओळी आधी. तुकडा काढल्याबरोबर त्याचा शेप छापा. त्यात कुठे शून्य दिसलं तर कारण पुढच्यांपैकी एक असतं.

ओळ आणि स्तंभ उलटे झाले असतील. ३२०० वा स्तंभ आहे, पण ३२०० वी ओळ नाही.

सुरुवात शेवटापेक्षा मोठी असेल. कुणीतरी माऊस खालून वर ओढून चौकट काढली की असं होतं.

तिसरं कारण सगळ्यात चलाख. डागाचा मध्य काढला आणि त्याच्या आजूबाजूचे ५० पिक्सेल घ्यायचे ठरवले. मध्य डाव्या काठापासून ३० वर निघाला:

```
मध्य = 30
डावी = मध्य - 50
उजवी = मध्य + 50
तुकडा = चादर[500:600, डावी:उजवी]
```

डावी झाली उणे २०. माणूस म्हणेल, काठाबाहेर गेलं, शून्यापासून घे. पायथन म्हणतं, उणे २० म्हणजे शेवटून विसावा, म्हणजे ३९८०. मग ३९८० ते ८० असं काही नसतंच, तुकडा रिकामा. दोन्ही आकडे उणे निघाले तर आणखी वाईट. तुकडा रिकामाही येत नाही, फोटोच्या उजव्या काठचा कुठला तरी भाग गुपचूप येतो. उपाय एकच: स्लाइस करण्याआधी चारही आकड्यांची शून्याशी तुलना करून मोठा आकडा घ्यायचा, म्हणजे मॅक्स फंक्शन. आकडे कुठल्याही हिशेबातून येत असतील तर ही ओळ सवयीनं टाका.

उजवीकडे किंवा खाली बाहेर गेलं तर?

तिकडे नमपाय फारच समजूतदार आहे. २८००:३४०० मागितलं तर ३००० पर्यंत आहेत तेवढ्या २०० ओळी देतं आणि गप्प बसतं. (एकच आकडा देऊन ३४०० वी ओळ मागितली तर मात्र इंडेक्स एरर येते. ही सूट फक्त स्लाइसला.) मॉडेलला, म्हणजे फोटो दाखवून शिकवलेल्या प्रोग्रामला, सगळे तुकडे एका मापाचे लागतात, म्हणून काठाजवळचा एखादा बुटका तुकडा सगळी बॅच, म्हणजे एकत्र दिलेला गठ्ठा, अडवतो. मग दोनच मार्ग: चौकट आत सरकवायची, नाहीतर ओपनसीव्हीच्या कॉपी-मेक-बॉर्डरनं आधी चित्राला कड जोडायची. कापडाच्या फोटोला काळी कड जोडण्यापेक्षा काठाचं प्रतिबिंब असलेली कड बरी, नाहीतर मॉडेल त्या काळ्या रेघेलाच दोष समजायला लागतं.

चादर[500:1100][800:1700] असं लिहिलं तर तेच नाही का?

नाही. दिसायला जवळजवळ तसंच, अर्थ पूर्ण वेगळा. पहिल्या कंसानं ६०० ओळींचा तुकडा दिला. दुसरा कंस त्या तुकड्याच्या पुन्हा ओळीच कापतो, स्तंभांना हातही लावत नाही. ६०० ओळींतून ८०० वी मागितली, उत्तर रिकामं. आकडे लहान असते, समजा दुसऱ्या कंसात 200:500, तर पूर्ण रुंदीची ३०० ओळींची पट्टी आली असती आणि ‘रुंदी का कापली जात नाही’ म्हणून डोकं खाजवत बसावं लागलं असतं.

स्वल्पविराम महत्त्वाचा. त्याच्या डावीकडे ओळी, उजवीकडे स्तंभ, आणखी एक स्वल्पविराम दिला तर रंग. पायथनच्या साध्या लिस्टला हा स्वल्पविराम कळत नाही. ती ‘टपल चालणार नाही’ अशी टाइप एरर देते. ती एरर दिसली तर समजा, तुमचं चित्र नमपायचा ॲरे नाही, लिस्टची लिस्ट आहे.

तुकड्यावर काळा रंग भरला तर मूळ फोटोही काळा झाला. हे कसं?

कारण काही कापलंच गेलं नव्हतं. नमपायचा स्लाइस नवीन चित्र बनवत नाही, मूळ चित्राच्या त्या भागाकडे बघायची एक खिडकी देतो. याला व्ह्यू म्हणतात. मेमरी तीच, आकडे तेच. म्हणून स्लाइस क्षणात होतो, फोटो केवढाही असो. आणि म्हणूनच तुकड्यात केलेला बदल मुळात उमटतो. पायथनच्या लिस्टचा स्लाइस मात्र नवी यादी देतो, त्यामुळे लिस्टवर हात बसलेल्यांना इथे धक्का बसतो.

या दोन ओळींतला फरक बघा:

```
तुकडा[:] = 0
तुकडा = 0
```

पहिली खिडकीतून आत हात घालून मूळ फोटोचा तो भाग काळा करते. दुसरी फोटोला काहीच करत नाही, ‘तुकडा’ हे नाव उचलून शून्याला चिकटवते. तुकडा स्वतंत्र हवा असेल तर स्लाइसच्या पुढे कॉपी लावायची, बस्स.

व्ह्यूचा त्रासच होतो असं नाही. यात्रेच्या फोटोत लहान मुलाचा चेहरा झाकायचा असेल तर `फोटो[वर:खाली, डावी:उजवी] = 0` एवढी एक ओळ पुरते.

पण एका ठिकाणी व्ह्यू महागात पडतो. ४००० गुणिले ३००० गुणिले ३ म्हणजे एका फोटोला ३ कोटी ६० लाख बाइट. तुम्ही ५०० फोटो वाचले, प्रत्येकातून १०० बाय १०० चा तुकडा काढून यादीत टाकला, आणि मनात हिशेब केला की तुकडे तर चिमुकले आहेत. पण प्रत्येक खिडकीमागे अख्खा फोटो मेमरीत जिवंत राहतो. एवढ्या मेमरीसमोर लॅबमधला संगणक मान टाकणारच. कॉपी लावली की मूळ फोटो सुटतो.

डाळिंब निळं दिसायला लागलं. क्रॉपमुळे?

क्रॉपचा संबंध नाही. ओपनसीव्ही रंग निळा, हिरवा, लाल या क्रमानं ठेवतं. मॅटप्लॉटलिब लाल, हिरवा, निळा समजून दाखवतं. रंगांच्या मितीवर उलटा स्लाइस केला की क्रम सुधारतो:

```
बरोबर = फोटो[:, :, ::-1]
```

डोळ्यांनी बघून कळतं म्हणून ही चूक सोपी. तेल्याचे डाग रंगावरून ओळखणारं मॉडेल शिकवताना एका क्रमानं आणि वापरताना दुसऱ्या क्रमानं फोटो दिला, तर कुणाच्या नजरेला काही पडत नाही, फक्त उत्तरं चुकतात. आपल्याकडे केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असल्यामुळे डाळिंबावर प्रोजेक्ट करणारे पुष्कळ, म्हणून हे वेगळं सांगितलं.

फक्त लाल रंगाचा थर हवा असेल तर ओपनसीव्हीच्या क्रमात तो `फोटो[:, :, 2]`. याचा शेप दोन मितींचा होतो. तिसरी मिती टिकवायची असेल तर `2:3` लिहा.

दुसऱ्या विसर्गानंतरचा तिसरा आकडा कशाला?

पावलाचं माप. `::2` म्हणजे एक घ्या, एक सोडा. `::-1` म्हणजे उलट्या दिशेनं. `फोटो[::-1]` फोटो वरचा खाली करतं, `फोटो[:, ::-1]` आरशासारखा डावा-उजवा बदलतं. सिद्धेश्वर तलावात मंदिराचं प्रतिबिंब पडलेला फोटो असेल तर खालचा अर्धा भाग उलटा करून वरच्या शेजारी ठेवून बघा, स्लायसिंगचा चांगला सराव होतो.

उलट्या पावलाचा व्ह्यू पायटॉर्चला, म्हणजे मॉडेल शिकवायच्या लायब्ररीला, चालत नाही. तिचं फ्रॉम-नमपाय हे फंक्शन तिथेच अडून बसतं. आधी कॉपी करा.

`चादर[::2, ::2]` वापरून फोटो लहान करायची युक्ती मात्र कापडासाठी टाळा. विणीत धागे ठराविक अंतरानं येतात, आपण पिक्सेलही ठराविक अंतरानं सोडतो, आणि दोन्हींच्या मेळातून फोटोत नसलेले पट्टे आणि लाटा उमटतात. इंग्रजीत त्याला म्वारे म्हणतात. टॉवेलच्या कापडावर तर तो हमखास दिसतो, आणि दोष शोधणारा प्रोग्राम त्यालाच दोष म्हणून पकडतो. लहान करायचंच असेल तर ओपनसीव्हीचा रीसाइझ घ्या आणि त्यात इंटर-एरिया हा पर्याय निवडा. तो शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतो.

‘नन-टाइप सबस्क्रिप्ट करता येत नाही’ अशी एरर येते.

फोटो वाचलाच गेला नाही. इमरीडला फाइल सापडली नाही तर ते एरर देत नाही, नन (‘काहीच नाही’) परत करतं, आणि स्लाइसच्या ओळीवर स्फोट होतो. मार्ग तपासा. मार्ग बरोबर असूनही असं होत असेल आणि संगणक विंडोजचा असेल, तर फोल्डरचं नाव बघा. ‘डाळिंब फोटो’, ‘नवीन चादर’ अशी देवनागरी नावं विंडोजवर इमरीडला बहुधा वाचता येत नाहीत. चलाचं नाव मराठी चालतं, फोल्डरचं चालत नाही, असा हा न्याय. फोल्डरचं नाव बदलायचं नसेल तर नमपायच्या फ्रॉमफाइलनं बाइट वाचून ओपनसीव्हीच्या इमडीकोडला द्या, काम होतं.

मोबाईलमध्ये उभा दिसणारा फोटो कोडमध्ये आडवा होतो, मग चौकट चुकते.

मोबाईल अनेकदा पिक्सेल आडवेच ठेवतो आणि सोबत ‘दाखवताना फिरव’ अशी एक्झिफची चिठ्ठी जोडतो. ओपनसीव्हीचं इमरीड मूळ सेटिंगमध्ये ती चिठ्ठी पाळतं, पिलो ही पायथनची दुसरी फोटो-लायब्ररी आपणहून पाळत नाही. तिथे एक्झिफ-ट्रान्सपोज वापरावं लागतं. चौकटी एका लायब्ररीत आखून दुसरीत कापल्या की हा प्रश्न येतोच.

चौकटीचे चार आकडे मिळालेत. कंसात कसे घालू?

आधी विचारा, ते चार आकडे कुठल्या पद्धतीचे आहेत. पास्कल व्हीओसी पद्धतीत डावी, वर, उजवी, खाली असे चार काठ असतात. कोको पद्धतीत आणि ओपनसीव्हीच्या सिलेक्ट-आरओआयमध्ये डावी, वर, रुंदी, उंची. योलोच्या फाइलमध्ये मध्याचा एक्स, मध्याचा वाय, रुंदी, उंची, आणि तेही पिक्सेलमध्ये नाही, पूर्ण चित्राच्या प्रमाणात, ० ते १ मधले. कोकोचं रूपांतर सोपं आहे:

```
तुकडा = चित्र[वर:वर + उंची, डावी:डावी + रुंदी]
```

योलोसाठी आधी गुणाकार लागतो:

```
डावी = (मध्य_एक्स - रुंदी / 2) * चित्र_रुंदी
उजवी = (मध्य_एक्स + रुंदी / 2) * चित्र_रुंदी
```

वर आणि खालीसाठी असंच, उंची घेऊन. उत्तर दशांशात येतं आणि स्लाइसला दशांश चालत नाही, ‘इंटिजर हवा’ अशी टाइप एरर मिळते. राउंड करून इंट करा, मग शून्याशी तुलना. पूर्णांकाचा भागाकार असेल तर एका तिरक्या रेघेऐवजी दोन वापरा.

पूर्ण चादरीचे सारखे तुकडे करायचेत.

उंची ६०० आणि रुंदी ८०० घेतली तर ३००० मध्ये ५ आणि ४००० मध्ये ५, एकूण २५ तुकडे, शिल्लक काही नाही. दोष शोधायचा असेल तर मात्र इतकं नीटनेटकं करू नका. तुटका धागा नेमका दोन तुकड्यांच्या सीमेवर आला तर दोघांतही अर्धाच दिसतो. तुकडे एकमेकांवर चढू द्या: ६०० उंचीचा तुकडा, पण प्रत्येक वेळी ५०० नं पुढे. ०:६००, ५००:११००, असं २०००:२६०० पर्यंत. पुढचा २५०० पासून घेतला तर ३१०० पर्यंत जातो आणि फोटो ३००० लाच संपतो, म्हणून शेवटचा मागे सरकवून २४००:३००० घ्यायचा. किती चढवायचं हे दोषाच्या आकारावर ठरतं, चढलेला भाग दोषाहून मोठा हवा.

तिरका किंवा गोल भाग स्लाइसनं काढता येतो का?

नाही. स्लाइस म्हणजे कायम सरळ आयत. इंद्रभुवनचा फोटो खालून वर कॅमेरा धरून काढला आणि इमारत तिरकी आली, तर आधी दृष्टिकोन सरळ करायचा, मग स्लाइस. गोल डागासाठी त्याला वेढणारा आयत कापायचा आणि बाहेरचं मास्कनं झाकायचं.

पिलोचं क्रॉप वापरू की स्लाइस?

फोटो उघडायचा, कापायचा, सेव्ह करायचा, एवढंच असेल तर पिलो. तिथे क्रम डावी, वर, उजवी, खाली, म्हणजे एक्स आधी. चौकट बाहेर गेली तर तो भाग काळा भरून मागितलेल्याच मापाचा तुकडा देतं. पुढे आकड्यांवर काम असेल तर स्लाइस. एकाच प्रोग्राममध्ये दोन्ही मिसळू नका.

पायटॉर्चमध्ये हेच कोड चुकतं.

तिथे रंग आधी, मग उंची, मग रुंदी; बॅच असेल तर तिच्यापुढे आणखी एक मिती. उंची-रुंदी शेवटच्या दोन जागी असल्यानं तीन टिंबं कामाला येतात: `चित्र[..., वर:खाली, डावी:उजवी]`. पुढच्या मिती कितीही असोत, हे चालतं.

तुकडा सेव्ह केल्यावर धूसर का झाला?

जेपेग पुन्हा दाबला गेला. पिलोची मूळ गुणवत्ता ७५ आहे, ओपनसीव्हीची ९५. मॉडेलसाठीचे तुकडे पीएनजीमध्ये ठेवा.

तुकड्यात दोष सापडला. तो मूळ चादरीवर कुठे आहे ते कसं सांगू?

तुकड्याची सुरुवात मिळवायची. आपला तुकडा ५०० व्या ओळीपासून आणि ८०० व्या स्तंभापासून होता. दोष तुकड्यात ४० व्या ओळीवर, २१० व्या स्तंभावर दिसला, तर मूळ फोटोत तो ५४० व्या ओळीवर, १०१० व्या स्तंभावर आहे. मॉडेलला देण्याआधी तुकडा रीसाइझ केला असेल तर आधी ते प्रमाण उलटं लावायचं, मग सुरुवात मिळवायची. आणि यासाठी तुकडा सेव्ह करतानाच त्याची ‘वर’ आणि ‘डावी’ फाइलच्या नावात लिहून ठेवा, कारण नुसत्या तुकड्याकडे बघून ती परत काढता येत नाहीत.